पान्याआधी निरीक्षण : मध्येच बंद पडणाऱ्या मोटारसायकलचे निदान

वांग्याच्या शेतात काही झाडे भर दुपारी मान टाकतात आणि ऊन उतरले की पुन्हा सावरतात. शेतकरी दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता विस्तार कार्यकर्त्याला बांधावर आणतो, तेव्हा सारे शेत निरोगी दिसते. जिवाणूजन्य मर रोगाची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. रोग झाडात असतोच. पाहणाऱ्याची वेळ चुकलेली असते. ‘पाणी कमी पडले असेल’ असे सांगून परत फिरणे अशा वेळी सोपे असते, आणि त्याची किंमत पुढच्या आठवड्यात शेतकरी मोजतो.

चालता चालता मध्येच बंद पडणारी आणि गॅरेजमध्ये नेली की पहिल्याच किकला सुरू होणारी मोटारसायकल याच जातीचे कोडे घालते. मेकॅनिक गाडी सुरू करतो, ॲक्सिलरेटर पिळून पाहतो आणि त्याला काहीही सापडत नाही. मग अंदाजाने प्लग बदलला जातो. पुढच्या खेपेस कार्ब्युरेटर साफ होतो, त्यानंतर कॉइल, त्यानंतर बॅटरी. कीड न ओळखता एकामागून एक कीटकनाशके फवारण्यासारखाच हा प्रकार होय. खर्च वाढत जातो आणि एखाद्या वेळी बिघाड गेलाच, तर तो कशाने गेला हे कळत नाही.

वाराणसी जिल्ह्यात जखिनी येथे भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे. तिच्या आसपासच्या भाजीपाला पिकवणाऱ्या गावांत, तसेच मिर्झापूर आणि चंदौलीच्या दिशेने, विस्ताराचे काम मुख्यतः मोटारसायकलवरूनच चालते. या परिसरातील वर्ष वाहनाची कसून परीक्षा घेते. मे-जूनमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि ‘लू’ वाहते. पावसाळ्यात गंगेला पूर आला की पाणी वरुणेत मागे फिरते आणि सखल रस्ते पाण्याखाली जातात. डिसेंबर-जानेवारीत दाट धुके उतरते. महाराष्ट्रातील वाचकाला यातले काहीच परके वाटू नये : अकोल्याचा मे, कोकणातील जुलै आणि निफाडचा जानेवारी एकाच ठिकाणी आणून ठेवले की वाराणसीचे वर्ष तयार होते. एकाच गाडीचा बिघाड ऋतूनुसार वेगळे रूप का घेतो, हे पाहण्यास हा प्रदेश म्हणूनच सोयीचा आहे.

प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. राष्ट्रीय महामार्ग १९ वर, म्हणजे जुन्या ग्रँड ट्रंक रोडवर, मागून ट्रक येत असताना इंजिनाने अचानक दम तोडणे हा जिवावरचा प्रसंग ठरू शकतो. कामाचे नुकसानही मोठे असते. टोमॅटो किंवा वांग्याच्या शेतात लावण्यासाठी नेलेली ट्रायकोकार्डे थंड पेटीतच टिकतात. गाडी दोन तास उन्हात अडकली, बर्फ वितळला, की ट्रायकोग्रामाचे इवलेसे परोपजीवी कीटक शेतात पोचण्यापूर्वीच संपतात. विषाणूजन्य कीटकनाशकाची फवारणी संध्याकाळी करावयाची असते, कारण उन्हातील अतिनील किरणांनी तो विषाणू निष्प्रभ होतो. ती वेळही एकदा टळली की टळते.

इंजिन कसे बंद पडले?

पेट्रोल इंजिनाला पेट्रोल, हवा आणि योग्य क्षणी ठिणगी एवढेच हवे असते. यांपैकी काय तुटले हे बंद पडण्याच्या रीतीवरून बरेचसे ओळखता येते.

चावी फिरवून बंद करावे तसे इंजिन एका क्षणात गप्प झाले, तर संशय विजेवर घ्यावा. त्याच क्षणी हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न हेही गेले असतील, तर दोष बॅटरीची टोके, मुख्य फ्यूज किंवा चावीचा स्विच यांत असण्याचा संभव अधिक. दिवे व्यवस्थित चालू राहिले आणि फक्त इंजिन गेले, तर शोध ठिणगीच्या मंडलापुरता आवळता येतो : किल स्विच, साइड स्टँडचा स्विच, पिकअप कॉइल, सीडीआय किंवा ईसीयू, इग्निशन कॉइल आणि प्लगची टोपी. मात्र ज्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर न चालता इंजिनाच्या फिरण्यावर चालतो, तेथे हॉर्न वाजवून खात्री करावी. इंजिन थांबले की तो दिवा जाणारच.

याउलट इंजिनाने आधी गचके दिले, जोर कमी झाला, गाडी ‘मिसिंग’ मारू लागली आणि शंभर-दोनशे मीटरवर जाऊन ती थांबली, तर पेट्रोल कमी पडत आहे असे समजावे. कार्ब्युरेटरच्या गाडीवर येथे एक सोपी चाचणी आहे. गचके सुरू होताच चोक थोडा ओढावा. इंजिन क्षणभर सावरले, तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे हे जवळपास निश्चित झाले. इंजिन अधिकच घुसमटले, तर पेट्रोल उलट जास्त आहे. तेव्हा धुळीने भरलेला एअर फिल्टर किंवा कार्ब्युरेटरची अडकलेली फ्लोट सुई पाहावी. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर आलेल्या बहुतेक गाड्यांत इंधन इंजेक्शन असते आणि हाताने ओढायचा चोक नसतो. त्या ठिकाणी चावी लावल्यावर टाकीतून पंपाचा जो दोन-तीन सेकंदांचा बारीक घूं आवाज येतो, तो बंद पडलेल्या अवस्थेत येतो की नाही हे ऐकावे. ज्याने निरोगी गाडीचा हा आवाज कधी लक्ष देऊन ऐकलेला नाही, त्याला आजारी गाडीचा ओळखता येणार नाही, म्हणून ही सवय आजच लावून घेणे बरे.

नोंदवही

कामगंध सापळ्यातील पतंग मोजून नोंदी ठेवणाऱ्याला येथे नवे काही शिकावे लागत नाही. गाडी बंद पडली की शक्य तितक्या लवकर, मोबाइलवर का होईना, पुढील गोष्टी टिपून ठेवाव्यात : वेळ आणि हवा, सुरुवातीपासून किती किलोमीटर झाले होते, टाकीत पेट्रोल किती होते, वेग किती होता, रस्ता खडबडीत होता की गुळगुळीत, हँडल वळवलेले होते का, दिवे टिकले का, किती मिनिटांनी गाडी सुरू झाली आणि त्याआधी नेमके काय केले. शेवटचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित राहतो. लोक घाईत टाकीचे झाकण उघडून पेट्रोल पाहतात, प्लगची टोपी हलवतात, चावी दोनदा फिरवतात, कॉक रिझर्व्हवर नेतात, आणि गाडी सुरू झाली की यांपैकी कशाने झाली हे विसरून जातात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट करून किक मारावी.

समजा, एका कार्यकर्त्याच्या वहीत महिनाभरात पाच नोंदी झाल्या. चार वेळा गाडी दहा-बारा किलोमीटर चालल्यावर थांबली. पाचही वेळा आधी गचके आले आणि दिवे टिकले. चार वेळा टाकी नुकतीच काठोकाठ भरलेली होती. अर्ध्या टाकीवर महिन्यात एकदाच त्रास झाला, तोही बराच उशिरा. तीन वेळा पंधरा मिनिटे थांबल्यावर गाडी सुरू झाली आणि दोन वेळा, पेट्रोल पाहण्यासाठी झाकण उघडल्याबरोबर. एवढ्या नोंदींवरून पाना हातात न घेताही सांगता येते की टाकीचा श्वास कोंडला आहे.

टाकीचा श्वास आणि कुंभारीण

पेट्रोल खाली उतरते तेवढी हवा टाकीत वरून शिरावी लागते. यासाठी झाकणात एक बारीक वाट असते. नव्या गाड्यांत ही वाट नळीवाटे कोळशाच्या एका डब्यातून बाहेर जाते, जेणेकरून पेट्रोलची वाफ हवेत मिसळू नये. वाट बुजली की टाकीत निर्वात निर्माण होऊ लागतो. साध्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनाने उतरते आणि ते वजन फारच थोडे असते, म्हणून किंचित निर्वातही त्याला रोखून धरतो. इंजेक्शनच्या गाडीत पंप काही काळ झगडतो, मग दाब पडतो.

भरलेल्या टाकीत हा त्रास लवकर का होतो, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होते. काठोकाठ भरलेल्या टाकीत वर जेमतेम अर्धा लिटर हवा असते. इंजिनाने पाव लिटर पेट्रोल घेतले की तीच हवा दीडपट जागेत पसरते आणि तिचा दाब चांगलाच उतरतो. अर्ध्या टाकीत पाच लिटर हवा असेल, तर तेवढ्याच पेट्रोलने तिच्यात विसाव्या भागाचाच फरक पडतो. पेट्रोलची वाफ यातला काही भाग भरून काढते, विशेषतः उन्हात टाकी तापली की. त्यामुळे हा बिघाड थंड सकाळी ठळक दिसतो आणि दुपारी गॅरेजमध्ये दडून बसतो. खात्रीची चाचणी सोपी आहे : गाडी थांबताच झाकण हळूच उघडावे. हवा आत ओढली जाण्याचा सुस्कारा ऐकू आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर निदान झाले. गरम इंजिनाजवळ झाकण उघडताना विडी-सिगारेट दूर ठेवावी, हे सांगण्याची गरज नसावी. तरीही सांगितलेले बरे.

ही वाट बुजवते कोण? धूळ, गंज आणि धुताना शिरलेला चिखल तर आहेतच. पण दोन-तीन आठवडे गोठ्यात किंवा पडवीत उभ्या राहिलेल्या गाडीबाबत कीटकशास्त्राचा विचार आधी करावा. भिंतीच्या कोपऱ्यात चिखलाची मडकी बांधणारी कुंभारीण सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या नात्यातील काही गांधीलमाश्या स्वतः मडके न घडवता तयार छिद्र शोधतात, त्यात सुरवंट किंवा कोळी भरतात, अंडे घालतात आणि तोंड चिखलाने लिंपून टाकतात. मेगाकाइल कुळातील एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांतही ही रीत आहे. कोणी पानाचे गोल तुकडे वापरते, कोणी चिखल किंवा डिंक. कुलपाचे भोक, विजेच्या बोर्डाचे छिद्र, बांबूची नळी हे सारे त्यांना सारखेच. पेट्रोल टाकीची खाली लोंबणारी, पाच-सहा मिलिमीटर व्यासाची हवेची नळी त्यांच्या दृष्टीने तर बांधून दिलेले घरच ठरते.

हा छंद किती महाग पडू शकतो, याचा दाखला विमानवाहतुकीत आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनहून निघालेले एक प्रवासी विमान वेगदर्शकाच्या चुकीच्या वाचनामुळे परत उतरवावे लागले. तपासात वेग मोजणारी पिटो नळी गांधीलमाशीच्या चिखलाने जवळजवळ पूर्ण बुजलेली आढळली; विमान जमिनीवर उभे होते ते सुमारे दोनच तास. कोळ्यांचेही असेच. २०११ मध्ये माझदा कंपनीने अमेरिकेतील पन्नास हजारांहून अधिक मोटारी तपासणीसाठी परत बोलावल्या, कारण एक पिवळसर कोळी पेट्रोल टाकीच्या वायुमार्गात जाळे विणत होता आणि त्याने निर्माण झालेल्या निर्वातामुळे टाकीला तडा जाण्याची भीती होती. वाराणसीच्या किंवा वर्ध्याच्या पडवीतील मोटारसायकल या दोन्ही प्रकरणांपेक्षा कितीतरी अधिक दिवस एकाच जागी उभी असते.

उपाय करताना या कीटकांवर विषारी फवारा मारू नये. सुरवंट उचलून नेणाऱ्या गांधीलमाश्या पिकाच्या मित्रकीटक आहेत आणि मेगाकाइल मधमाश्या तुरीसारख्या पिकांत उत्तम परागीभवन करतात. नळीचे बाहेरचे टोक काढून मऊ तारेने किंवा गवताच्या ताठ काडीने मोकळे करावे आणि सायकलच्या पंपाने हवा सोडावी. पंप लावण्यापूर्वी नळी टाकीपासून सुटी केलेली असावी. तोंडाने पेट्रोलची नळी ओढणे वा फुंकणे टाळावे. पुन्हा घरटे होऊ नये म्हणून टोकावर बारीक पितळी जाळीचा तुकडा बसवता येतो. कापड किंवा स्पंज मात्र बांधू नये. त्यावर धूळ-चिखल बसला की वाट पुन्हा बंद होते.

टाकीच्या तोंडाभोवती आणखी एक छिद्र असते, ते पावसाचे पाणी खाली काढून देणारे. त्याची आणि हवेच्या वाटेची गल्लत होते. हे पाण्याचे छिद्र तुंबले तर झाकणाभोवती तळे साचते आणि झाकणाचे रबर जुने असल्यास पाणी थेट पेट्रोलमध्ये उतरते.

पाणी आणि इथेनॉल

पूर्वी टाकीत शिरलेले पाणी तळाशी वेगळे बसून राही. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. इथेनॉल थोडे पाणी स्वतःत सामावून घेते, त्यामुळे चार थेंबांनी आता त्रास होत नाही. पण ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी गेले, किंवा रात्री गारठा वाढला, की पाणी आणि इथेनॉल मिळून एक जड थर तळाशी उतरतो. पेट्रोलचा कॉक किंवा पंप नेमका तळातूनच ओढतो. गाडी सकाळी सुरू होत नाही, चढावर थांबते, उतारावर चालते, हलवली की सुधारते : अशा चंचल लक्षणांमागे हा थर असू शकतो. कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. दोन थर दिसले, तर टाकी रिकामी करण्यावाचून इलाज नाही.

येथे एक अवांतर, पण कीटकांशी संबंधित गोष्ट. डाळिंबाच्या खोडाला टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे पाडणारा शॉट होल बोरर महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. ताणाखाली असलेल्या झाडातून इथेनॉल बाहेर पडते आणि या गटातील भुंगेरे त्या वासावर येतात. म्हणून त्यांच्या सापळ्यांत इथेनॉलच वापरतात. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात याच गटातील एका भुंगेऱ्याने इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या प्लास्टिक कॅनला आजारी झाड समजून भोके पाडल्याची नोंद झालेली आहे. फवारणी पंपासाठी प्लास्टिकच्या बाटलीत महिनोन्महिने पेट्रोल साठवू नये, याला आगीच्या धोक्याखेरीज आणि पाणी शोषण्याखेरीज हे तिसरे कारण म्हणता येईल.

उष्णता, पाऊस आणि धुके

मे महिन्यातील बिघाडाचा ठरावीक नमुना असा : गाडी वीस-पंचवीस किलोमीटर उत्तम चालते, मग चावी काढल्यासारखी थांबते, अर्धा तास सावलीत उभी केली की काहीच घडले नाही अशी सुरू होते. इग्निशन कॉइल किंवा पिकअप कॉइल यांतील तांब्याची बारीक तार आत कोठेतरी तडकलेली असते. गार असताना दोन टोके टेकलेली राहतात, तापून प्रसरण झाले की सुटतात. गॅरेजपर्यंत ढकलत नेईस्तोवर ती पुन्हा टेकतात. अशा गाडीची ठिणगी थंड झाल्यावर तपासण्यात अर्थ नाही. ती थांबली तेथेच, त्याच मिनिटाला तपासावी. त्यासाठी सोबत एक चांगला जादा प्लग आणि प्लगचा पाना असावा. जादा प्लग टोपीत बसवून त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवावे आणि किक मारावी. मूळ प्लग जागेवरच राहू द्यावा, म्हणजे सिलिंडरमधील वाफ ठिणगीपर्यंत येणार नाही. हातात रबरी मोजा किंवा कोरडे फडके असावे. प्लग अधांतरी धरून किक मारू नये. इंजेक्शनच्या गाडीत त्याने इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होऊ शकतात. ठिणगी मिळाली नाही तर कॉइल आणि तिच्या जोडण्या पाहाव्यात, मिळाली तर पेट्रोलकडे वळावे. या एका चाचणीने निम्मी शक्यता बाजूला पडते.

पावसाळ्यातील दोष बहुधा प्लगच्या टोपीला किंवा जाड तारेला गेलेल्या तड्यात असतो. ओलाव्यातून वीज इंजिनाच्या अंगावर पळते. संध्याकाळी अंधारात इंजिन चालू ठेवून त्या भागावर हाताच्या फवाऱ्याने पाण्याचा हलका शिडकावा केला, तर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल अडकणे हेही पावसाचेच दुखणे. स्टँड वर असूनही गाडीला ते खाली आहे असे वाटते, आणि खड्ड्यात आदळताच ती इंजिन तोडते.

खड्डा किंवा वळण यांच्याशी बिघाडाचे नाते दिसले, तर सारी चिकित्सा वायरिंगवर केंद्रित करावी. इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे वळवावे, मग हेडलाइटच्या मागचा वायरचा जुडगा हाताने हलवावा. हँडल वळते तेथेच तारा हजारो वेळा दुमडतात आणि आवरणाच्या आत तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. धान्याच्या कोठाराजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदराने कुरतडलेली तारही सापडते. बॅटरीची टोके पांढरट झाली असतील तर ती घासून आवळावीत. मल्टिमीटर असल्यास बंद गाडीत चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन मध्यम वेगात असताना आकडा साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असावा. इंजेक्शनच्या गाडीत पंप आणि ईसीयू दोन्ही बॅटरीवर असल्याने तेथे या आकड्यांना अधिक महत्त्व आहे. मीटरवरील इंजिनाचा पिवळा दिवा क्षणभर लागून गेला असेल, तर तेही वहीत लिहावे. ईसीयूच्या स्मृतीत बिघाडाचा संकेत पुष्कळदा शिल्लक असतो आणि सर्व्हिस सेंटरवर तो वाचता येतो. म्हणून गाडी तेथे नेण्यापूर्वी बॅटरीची तार काढू नये.

धुक्यातील बिघाड विरळ आहे, परंतु जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत तो चकवतो. पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते. हवा पाच-दहा अंशांवर आणि दमट असेल, तर कार्ब्युरेटरच्या घशात बर्फाचा पातळ थर धरतो. गाडी दम तोडते, थांबल्यावर इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळतो आणि पाच मिनिटांत सारे पुरावे वाहून जातात.

रस्त्यावर

निदान नंतरचे, आधी जीव. इंजिन गेल्याचे जाणवताच क्लच दाबावा, म्हणजे मागचे चाक ओढ घेणार नाही. जोरात ब्रेक न लावता, डावा इंडिकेटर देऊन, उरलेल्या गतीतच गाडी रस्त्याच्या कडेला पूर्ण खाली घ्यावी. धुक्यात किंवा अंधारात गाडीजवळ वाकून तपासणी करू नये. ती ढकलत सुरक्षित जागी न्यावी. ट्रायकोकार्डांची पेटी सोबत असेल, तर गाडीच्या नादात ती उन्हात राहून जाते. आधी तिला सावली द्यावी.

ज्या गाडीत हा दोष सुरू आहे आणि कारण सापडलेले नाही, ती महामार्गावर नेऊ नये, असे स्पष्टपणे म्हणावे लागेल. ‘होईल सुरू, नेहमी होते’ या भरवशावर काढलेले दिवस अपघाताच्या दिशेनेच जातात.

सापडलेले कारण खरे कशावरून?

भाग बदलला आणि आठवडाभर गाडी थांबली नाही, एवढ्यावरून समाधान मानले जाते. पण मधल्या काळात हवा बदलली असेल, टाकी अर्धीच भरली असेल, किंवा दुरुस्तीच्या वेळी तार हलून जोडणी तात्पुरती जुळली असेल. वनस्पतिरोगशास्त्रात आजारी झाडातून जिवाणू वेगळा काढतात, तो निरोगी झाडात घालतात आणि तीच लक्षणे उमटली तरच त्याला दोषी धरतात. मोटारसायकलवर ही कसोटी त्याहून सोपी आहे. काढलेली जुनी कॉइल फेकून न देता जपून ठेवावी. नवीन कॉइलवर गाडी नीट चालू लागली की एखाद्या मोकळ्या दिवशी, गावातल्या शांत रस्त्यावर, त्याच उन्हात आणि तेवढेच अंतर, जुनी कॉइल लावून चालवून पाहावी. गाडी पुन्हा थांबली, तर जुनी कॉइल भंगारात द्यावी. ती थांबलीच नाही, तर दोष अजून गाडीत आहे असे समजून वही पुन्हा उघडावी आणि नवीन कॉइलचे पावती-खोके तूर्त सांभाळून ठेवावे.